सीएसएमटीचं डिझाइन कोणी केलं? विदर्भ एक्सप्रेस जिथे थांबते त्या इमारतीच्या आर्किटेक्टची गोष्ट



गोंदियाहून मुंबईला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं विदर्भ एक्सप्रेसचं. दुपारी गोंदिया सोडायचं, रात्र गाडीत काढायची आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं. साडेनऊशे किलोमीटरहून जास्त प्रवास होतो. ही गाडी जिथे थांबते ती इमारत 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण उतरल्यावर आपलं लक्ष असतं बॅगेवर आणि लोकलच्या इंडिकेटरवर. वर मान करून बघायला वेळ कुणाला असतो?

मी गोंदियाचा आहे. म्हणून आज मी त्या माणसाबद्दल लिहितोय ज्याने ही इमारत कागदावर काढली. ना कॉम्प्युटर, ना थ्रीडी सॉफ्टवेअर, ना कॅल्क्युलेटर. त्यांचं नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

बाथ ते मुंबई

स्टीव्हन्स यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1847 चा, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. हे शहर जुन्या दगडी इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. तिथेच चार्ल्स डेव्हिस या आर्किटेक्टच्या हाताखाली त्यांनी काम शिकून घेतलं. 1867 मध्ये ते भारतात सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. आधी पुणे, नंतर मुंबई.

1867 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा रूळ नागपूरला पोहोचला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट मुंबईच्या बंदरात जायला लागला. मुंबईत कापसाचा पैसा खेळत होता. किल्ल्याची जुनी तटबंदी पाडून झाली होती आणि मोकळ्या जागेवर हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, सेक्रेटरिएट अशा मोठ्या इमारती उभ्या राहत होत्या. विशीतल्या आर्किटेक्टला शिकायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम. बंदरात उतरणाऱ्या खलाशांसाठीचं हे वसतिगृह 1876 मध्ये पूर्ण झालं. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे.

तिशीत मिळालेलं काम

जीआयपीचं जुनं स्टेशन होतं बोरीबंदर. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच ठाण्याला गेली होती. पण रेल्वे पसरली, माल वाढला, माणसं वाढली. कंपनीला नवीन टर्मिनस हवं होतं आणि त्याच इमारतीत स्वतःचं मुख्य ऑफिसही हवं होतं. हे काम स्टीव्हन्स यांच्याकडे आलं. वय जेमतेम 30.

त्यांनी आधी काय केलं? सुमारे दहा महिने युरोपात जाऊन तिथली मोठी स्टेशनं बघितली. आजच्या भाषेत सांगायचं तर आधी रिसर्च, मग डिझाइन. इमारत तयार झाल्यावर कशी दिसेल याचं जलरंगातलं चित्र ॲक्सेल हेग या चित्रकाराने काढलं. आज बिल्डर फ्लॅट विकताना जो चकचकीत रेंडर दाखवतात ना, तोच प्रकार, फक्त ब्रशने केलेला.

1878 मध्ये काम सुरू झालं आणि ते दहा वर्षं चाललं. खर्च आला 16 लाख रुपयांच्या आसपास. 1887 मध्ये राणीच्या कारकिर्दीची 50 वर्षं झाली म्हणून नाव ठेवलं व्हिक्टोरिया टर्मिनस. 1996 मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि 2017 मध्ये त्यात महाराज जोडलं गेलं.

डिझाइनमध्ये खास काय आहे?

सॅटेलाइट मॅपवर सीएसएमटी उघडा आणि झूम करा. मुख्य इमारत वरून इंग्रजी सी अक्षरासारखी दिसते. मध्ये अंगण, तीन बाजूंनी इमारत. आपल्याकडचे वाडे आठवले का? युनेस्कोलाही या आराखड्यात भारतीय राजवाड्यांशी साम्य दिसलं.

आता घुमटाकडे या. दगड दाब भरपूर सहन करतो, पण ताणला की लगेच तडकतो. घुमटाची अडचण अशी की त्याचं वजन फक्त खाली जात नाही, ते बाहेरच्या बाजूलाही ढकलतं. त्यामुळे खालचा भाग फाकायला बघतो. स्टीव्हन्स यांनी घुमट अष्टकोनी घेतला आणि त्याला बरगड्या दिल्या. छत्रीच्या काड्यांसारख्या या बरगड्या वजन गोळा करून कोपऱ्यांवर आणतात, तिथून ते जाड भिंतींमधून जमिनीत उतरतं. वर आहे प्रगतीची मूर्ती. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक.

घुमटाच्या बरोबर खाली मुख्य जिना आहे. त्याच्या पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रोवलेलं आहे, दुसरं मोकळं. खाली खांब नाही, त्यामुळे मधली सगळी जागा उघडी राहते आणि वरच्या रंगीत काचांमधून उजेड थेट खाली येतो.

आणि उकाडा? विजेचे पंखे तेव्हा नव्हते. मुंबईच्या दमट हवेत शेकडो कारकून दिवसभर बसणार होते. म्हणून उंच छत, मोठ्या टोकदार कमानी आणि बाहेरून लांबच लांब व्हरांडे. ऊन आणि पाऊस व्हरांड्यावर थांबतो, वारा आत येतो. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनशी या इमारतीची तुलना नेहमी होते. पण थंडीच्या देशातली इमारत जशीच्या तशी इथे आणली असती तर आत बसणं अवघड झालं असतं. मला स्टीव्हन्स यांची खरी हुशारी इथे दिसते. बघितलं युरोपात, पण बांधलं मुंबईसाठी.

काम कुणाच्या हातांनी झालं?

भिंतींवर मोर, माकडं, पानं-फुलं कोरलेली आहेत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह म्हणजे ब्रिटन आणि दुसरीकडे वाघ म्हणजे भारत. बरंचसं नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलांनी. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे असिस्टंट इंजिनिअर म्हणून या कामावर होते. दगड घडवणारे पाथरवट आणि डोक्यावर पाट्या वाहणारे मजूर यांची नावं मात्र कुठल्याच पाटीवर नाहीत. स्टीव्हन्स यांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

नोकरी सोडली आणि पुढे

1884 मध्ये स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून मुंबईतच स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. नंतर स्टेशनच्या अगदी समोर महापालिकेची इमारत त्यांच्याच डिझाइनवर 1893 मध्ये पूर्ण झाली. तिचा मनोरा 235 फूट उंच आहे. गंमत म्हणजे मंजूर खर्च होता 11,88,082 रुपये आणि लागले 11,19,969. सरकारी काम बजेटच्या आत, वाचून बरं वाटतं ना? त्यानंतर आलं चर्चगेटचं रेल्वे मुख्यालय, जे 1899 मध्ये पूर्ण झालं. आज तिथे पश्चिम रेल्वेचं ऑफिस आहे. या दोन्ही इमारतींत गॉथिक बांधणीवर घुमट भारतीय वळणाचे आहेत. म्हणजे जितकी वर्षं ते इथे राहिले, तितकं त्यांचं डिझाइन इथलं होत गेलं.

पण पुढे फार वेळ मिळाला नाही. 5 मार्च 1900 ला मुंबईतच मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त 52. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. त्यांचा मुलगा चार्ल्सही आर्किटेक्ट झाला. कुलाब्याजवळचं 1933 चं रीगल सिनेमा हे त्याचं डिझाइन.

आपला काय संबंध?

संबंध आहे. 1887 मध्ये, ज्या वर्षी या स्टेशनला नाव मिळालं, त्याच वर्षी बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने नागपूर-छत्तीसगड हा मीटर गेज मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला. गोंदिया त्याच मार्गावर आहे. आपलं जंक्शन त्यातूनच वाढलं. आणि ज्या रेल्वेने हे टर्मिनस बांधलं, तिच्या मालगाड्या विदर्भाचा कापूस वाहून मोठ्या झाल्या होत्या. त्यामुळे ही इमारत एकट्या मुंबईची आहे असं मी मानत नाही. तिच्यात आपल्या शेतकऱ्याच्या घामाचाही वाटा आहे.

पुढच्या वेळी विदर्भ एक्सप्रेसने गेलात तर दहा मिनिटं काढा. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभे राहा. तिथून स्टेशन समोर आणि पालिकेची इमारत मागे, एकाच माणसाची दोन कामं दिसतील. फोनचा कॅमेरा झूम करून आधी वाघ शोधा, मग माकडं.

माहिती आवडली असेल तर मुंबईला निघालेल्या मित्राला नक्की पाठवा.