समाधिमरणाचे थोर साधक : चारित्र चक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज

विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवसंजीवनी देणारे महापुरुष म्हणून परमपूज्य चारित्र चक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराजांचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाते. त्यांचा भारतभर झालेला विहार, त्यांची कठोर तपश्चर्या आणि जिनवाणीच्या रक्षणाचे त्यांचे कार्य यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वयाची साठी-सत्तरी ओलांडलेल्या श्रावक-श्राविकांच्या मनात एक निराळाच प्रश्न घोळत असतो. सोबतीची माणसे एकेक करून निघून जातात, स्मशानाच्या वाऱ्या वाढतात आणि आपला शेवट कसा होईल, त्या घटकेला धर्म आठवेल की केवळ वेदनाच जाणवतील, ही शंका रात्री-अपरात्री मनाला शिवून जाते. या प्रश्नाच्या प्रकाशात महाराजांचे चरित्र न्याहाळले, तर त्यातून मोठा आधार मिळतो.

बालपण आणि घरचे संस्कार

महाराजांचा जन्म १८७२ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज गावाजवळच्या येळगुळ येथे, त्यांच्या आजोळी झाला. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले भोज हे त्यांचे गाव. वडील भीमगौडा पाटील आणि आई सत्यवती हे दोघेही धर्मनिष्ठ होते. बालकाचे नाव सातगौडा ठेवण्यात आले. त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षीच सातगौडांचा विवाह लावून देण्यात आला; परंतु काही महिन्यांतच ती बालवधू निवर्तली. पुढे पुन्हा विवाहाचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि आजन्म ब्रह्मचर्य पाळले.

सातगौडा शरीराने बळकट होते. गावात मुनी आदिसागर येत, तेव्हा ते त्यांना खांद्यावर बसवून नदीपार नेत असत. शेतात पाखरे दाणे टिपू लागली तर त्यांना हुसकावून लावण्याऐवजी ते त्यांच्यासाठी पाण्याची सोय करीत, अशी आठवण त्या परिसरात सांगितली जाते. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मनात मुनिदीक्षेची ओढ निर्माण झाली. परंतु आपण हयात असेपर्यंत घर सोडू नये, अशी माता-पित्यांची इच्छा होती. सातगौडांनी ती शिरोधार्य मानली आणि त्यानंतरची सुमारे वीस वर्षे घरातच विरक्त वृत्तीने काढली.

ही वीस वर्षे वाया गेली असे कोणी म्हणू नये. भीमगौडांनी उतारवयात दीर्घकाळ एकभुक्त राहून व्रते पाळली आणि शांत परिणामांनी देह ठेवला. सत्यवतींनीही १९१२ च्या सुमारास त्याच मार्गाने या जगाचा निरोप घेतला. दोघांच्या अंतसमयी सेवेला सातगौडा जवळ होते. मृत्यू हे संकट मानून त्यापासून तोंड फिरवण्यापेक्षा सावध मनाने त्याला सामोरे कसे जावे, याचा पहिला पाठ त्यांना शास्त्रग्रंथांच्याही आधी घरातच, आईवडिलांच्या उशाशी बसून मिळाला. जन्मदात्यांचे ऋण फेडून झाल्यावरच, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला. त्यांचे थोरले बंधू देवगौडा हेही पुढे मुनिदीक्षा घेऊन वर्धमानसागर महाराज झाले.

दीक्षा आणि मुनिचर्येची पुनर्स्थापना

देवाप्पा स्वामी म्हणून प्रसिद्ध असलेल्या देवेंद्रकीर्ती महाराजांकडून सातगौडांनी उत्तूर येथे क्षुल्लक दीक्षा घेतली. पुढे गिरनार येथे भगवान नेमिनाथांच्या निर्वाणभूमीचे दर्शन घडले, तेव्हा त्यांनी तेथेच ऐलक व्रत स्वीकारले आणि परतल्यावर वाहनाचाही आजन्म त्याग केला. १९२० साली यरनाळ येथे त्यांची मुनिदीक्षा झाली व ते शांतिसागर झाले.

त्या काळी दक्षिणेत मुनी होते. पण चर्येत शैथिल्य आले होते. गावात येताना अंगावर वस्त्र घेणे, उपाध्यांनी आधीच ठरवून ठेवलेल्या घरी आहार घेणे अशा गोष्टी रूढ झाल्या होत्या. शांतिसागर महाराजांनी शास्त्रोक्त विधीनेच आहार घेण्याचा निर्धार केला. योग्य पडगाहन झाले नाही तर ते उपाशी परतत. कोणाची निंदा न करता केवळ स्वतःच्या आचरणाने त्यांनी जुनी शिस्त पुन्हा उभी केली. कोन्नूरच्या गुहेत ध्यानस्थ असता त्यांच्या अंगावर साप चढला आणि तरीही त्यांचे ध्यान ढळले नाही, ही हकीकत घराघरांत सांगितली जाते. देहाविषयीची ही निर्भयता त्यांनी मुनिजीवनाच्या आरंभापासूनच अंगी बाणवली होती.

१९२४ साली सांगलीजवळील समडोळी येथे चतुःसंघाने त्यांना आचार्यपद अर्पण केले. १९२७ मध्ये मुंबईच्या जव्हेरी कुटुंबाच्या पुढाकाराने त्यांचा संघ दक्षिणेतून सम्मेद शिखरजीकडे निघाला. त्यानंतर कित्येक वर्षे उत्तर भारतात त्यांचा विहार झाला. १९३१ च्या दिल्लीतील चातुर्मासात राजधानीच्या रस्त्यांवरून त्यांनी निर्भयपणे दिगंबर मुद्रेत विहार केला. गजपंथा येथे १९३७ साली त्यांना चारित्र चक्रवर्ती ही पदवी देण्यात आली.

श्रुतरक्षणाची तळमळ

मूडबिद्री येथील षट्खंडागमाच्या प्राचीन ताडपत्रांना कीड लागत असल्याचे महाराजांना समजले, तेव्हा त्यांचे मन व्यथित झाले. देह नाशवंत असतो हे ते जाणून होते. पण भगवंतांची वाणी पुढच्या पिढ्यांच्या हाती अखंड पोहोचलीच पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या प्रेरणेने समाजाने निधी उभारला आणि हे सिद्धांतग्रंथ अडीच हजारांहून अधिक ताम्रपटांवर कोरून घेण्यात आले. फलटण येथे ते जतन करण्यात आले. जो स्वतःच्या देहाविषयी इतका उदासीन होता, तोच जिनवाणीविषयी इतका दक्ष होता. जाण्यापूर्वी काय सोडायचे आणि काय मागे ठेवायचे, याचा विवेक त्यातून दिसतो.

दोन त्याग, दोन हेतू

मुंबई राज्याच्या १९४७ च्या हरिजन मंदिरप्रवेश कायद्यात जैन मंदिरांचा समावेश हिंदू मंदिरांत करण्यात आला. जैन धर्माचे स्वतंत्र अस्तित्व मान्य व्हावे म्हणून महाराजांनी १९४८ पासून अन्न वर्ज्य केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९५१ मधील निकालानंतर, सुमारे तीन वर्षांनी त्यांनी पुन्हा अन्नग्रहण केले. त्या प्रश्नाविषयी निरनिराळी मते असू शकतात आणि आहेतही. परंतु येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. त्या अन्नत्यागामागे एक मागणी होती. ती पूर्ण होताच त्याग संपला. १९५५ मध्ये त्यांनी जो त्याग केला, त्यामागे कोणाकडेही, कसलीही मागणी नव्हती. सल्लेखनेला उपोषण समजणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

सल्लेखनेचा निर्णय

१९५५ चा चातुर्मास महाराजांनी कुंथलगिरी येथे केला. कुलभूषण आणि देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी त्या वेळी हैदराबाद राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होती. आज तोच धाराशिव जिल्हा आहे. महाराजांचे वय त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते. दृष्टी फार मंदावली होती आणि आधारावाचून चालणे अवघड झाले होते. गृहस्थाच्या जीवनात दृष्टी अधू होणे ही एक अडचण असते. मुनीच्या जीवनात तो व्रताचाच प्रश्न असतो. समोरची चार हात जमीन नीट दिसत नसेल तर ईर्यासमिती कशी पाळावी? आहार शोधून घेता येत नसेल तर एषणासमिती कशी राहावी? व्रते सांभाळून देह टिकत नसेल, तर देहासाठी व्रते सोडायची की व्रतांसाठी देह, असा हा पेच होता. महाराजांचे उत्तर पस्तीस वर्षांपूर्वीच ठरले होते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचा प्रसंग स्पष्ट केला आहे. ज्यावर इलाज नाही असा उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य किंवा रोग आला असताना धर्मासाठी देहाचा त्याग करणे म्हणजे सल्लेखना. तिचा क्रमही तेथे दिला आहे. प्रथम वैर, ममता आणि परिग्रह सोडावा, सर्वांना क्षमा करावी व सर्वांची क्षमा मागावी. मग अन्न कमी करीत दुधावर, नंतर ताक-कांजीसारख्या पेयावर, त्यानंतर केवळ पाण्यावर यावे आणि अखेरीस तेही सोडावे. आहाराच्या आधी कषाय सोडायचे असतात. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले आहेत : जगण्याची इच्छा, मरणाची इच्छा, मित्रांविषयीचा अनुराग, भोगलेल्या सुखांचे स्मरण आणि पुढील भवासाठी निदान. लवकर मरण यावे असे वाटणे हादेखील दोषच मानला आहे. निराशेने जीव देणे आणि सल्लेखना यांत असे मूळचेच अंतर आहे.

अखेरचे पाच आठवडे

ऑगस्टच्या मध्यास महाराजांनी सल्लेखनेचा नियम घेतला. वार्ता पसरताच दूरदूरच्या गावांहून श्रावकांची रीघ कुंथलगिरीकडे लागली. महाराज मधूनमधून केवळ पाणी घेत. पुढे तेही त्यांनी सोडले. देह कृश होत गेला, परंतु सामायिक, प्रतिक्रमण आणि आत्मचिंतन यांत खंड पडला नाही. संघाची जबाबदारीही त्यांनी अधांतरी ठेवली नाही. आपले प्रथम शिष्य वीरसागर महाराज त्या वेळी जयपूर येथे होते; त्यांच्याकडे आचार्यपद सोपवीत असल्याचा निरोप कुंथलगिरीहून धाडण्यात आला.

८ सप्टेंबर रोजी त्यांनी समाजाला अखेरचा उपदेश केला. तो मराठीत होता आणि ध्वनिमुद्रित करण्यात आला. जीव आणि पुद्गल भिन्न आहेत, आत्म्याचे चिंतन रोज थोडा वेळ तरी करावे, संयम धारण करण्यास भिऊ नये, असे त्या उपदेशाचे सार होते. इतक्या दिवसांच्या निराहारानंतरही त्यांनी स्वतःच्या देहाविषयी बोलण्याऐवजी ऐकणाऱ्यांच्या कल्याणाविषयी सांगितले.

१८ सप्टेंबर १९५५, रविवार, भाद्रपद शुद्ध द्वितीया. दशलक्षण पर्व तोंडावर आले होते. त्या दिवशी पहाटे णमोकार मंत्राच्या घोषात महाराजांनी शांतपणे देह ठेवला. कुंथलगिरीवरच त्यांचे अंत्यसंस्कार झाले.

शोक आणि श्रद्धा

महाराजांच्या वियोगाने लोकांचे डोळे पाणावले असणार, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या दिवसाला समाजाने समाधिदिन मानले, शोकदिन मानले नाही. यामागे सिद्धांत आहे. तत्त्वार्थसूत्राने शोक आणि आक्रंदन यांची गणना असातावेदनीय कर्माच्या कारणांत केली आहे. रडणाऱ्याचे रडणे गेलेल्या जीवाच्या उपयोगी पडत नाही, ते रडणाऱ्यालाच बांधते. तसेच देह सुटल्यावर जीव चार समय होण्यापूर्वीच नव्या जन्मस्थानी पोहोचतो, असे आगम सांगतो. त्यामुळे पिंड, श्राद्ध अशा क्रियांना जैन सिद्धांतात स्थान नाही. गेलेल्या माणसासाठी जे करायचे ते तो जिवंत असताना करावे. तो गेल्यावर त्याच्या नावाने दान, स्वाध्याय व जिनपूजा करून आपले परिणाम निर्मळ करावेत, हाच खरा उत्तरविधी होय.

आजच्या श्रावकांसाठी

महाराजांच्या समाधीनंतर साठ वर्षांनी, १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना-संथारा ही प्रथा आत्महत्येसमान ठरविली. देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या दिवसांत अनेक घरांतील तरुणांनी वडीलधाऱ्यांना विचारले, की सल्लेखना म्हणजे नेमके काय. त्याचे उत्तर महाराजांच्या चरित्रात सापडते. तेथे कोणाची सक्ती नव्हती, घाई नव्हती, जीवनाचा कंटाळा नव्हता. इलाज होण्यासारखा असेल तर तो करावा. सेवा करणारी मुलेबाळे असतील तर त्यांची सेवा आनंदाने घ्यावी. वृद्धाला ओझे मानून कोणी त्याला त्यागाचा मार्ग सुचवील, तर तो धर्म नव्हे, अधर्मच होय.

सर्वांनाच महाराजांसारखी सल्लेखना साधेल असे नाही. बहुतेकांचा अंत आज रुग्णालयातील खाटेवर होतो. तरीही जी तयारी महाराजांनी आयुष्यभर केली, तिचा अंश प्रत्येकाला करता येतो. जुने वैर मिटवावे. व्यवहार वेळीच पुढच्या पिढीकडे सोपवावा. आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी एखाद्या रसाचा त्याग करावा. रोज दोन घडी शांत बसून देह आणि आत्मा यांचा विचार करावा. घरातील आजारी वृद्धाजवळ बसून मृदू स्वरात णमोकार म्हणावा. ऐकणाऱ्याबरोबर म्हणणाऱ्याचीही तयारी होते. भोजच्या घरात सातगौडांची तयारी अशीच झाली होती.

परमपूज्य आचार्यश्रींच्या पावन चरणी त्रिवार नमोस्तु.