बास्केटबॉलचे जनक

बहुतेक जुने खेळ कोणी आणि केव्हा शोधून काढले, हे सांगता येत नाही. बास्केटबॉलचे तसे नाही. या खेळाची जन्मतिथी ठाऊक आहे आणि जनकाचे नावही. त्यांचे नाव जेम्स नेस्मिथ.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आल्मॉन्ट गावाजवळ झाला. १८७० साली विषमज्वराने त्यांचे आईवडील दगावले. पुढे मामांनी त्यांचा सांभाळ केला. शाळा अर्धवट सोडून नेस्मिथ यांनी काही वर्षे जंगलात लाकूडतोड केली. परंतु विद्येची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. ते पुन्हा शाळेत गेले आणि मॅकगिल विद्यापीठाचे पदवीधर झाले.

१८९१ साली ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात व्यायामशिक्षक होते. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे आणि व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतीला विद्यार्थी कंटाळत. एक वर्ग तर कोणालाच आवरेना. त्यांचे वरिष्ठ गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि घरात खेळता येईल असा खेळ शोधण्यास चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथ यांनी मैदानी खेळ व्यायामशाळेत खेळवून पाहिले; पण बंद जागेत धक्काबुक्की होऊन मुलांना इजा होऊ लागली. मुदत संपत आली. तेव्हा ते शांतपणे विचार करू लागले. खेळाडू चेंडू घेऊन पळतो, म्हणून त्याला अडवण्यासाठी दांडगाई होते. तर चेंडू घेऊन पळण्यासच बंदी करावी! लहानपणी ते दगडावर ठेवलेला दगड दुसऱ्या दगडाने पाडण्याचा खेळ खेळत. त्यात जोराने फेकणाऱ्यापेक्षा अलगद, नेमका फेकणारा सरस ठरे. म्हणून त्यांनी लक्ष्य डोक्याच्या वर ठेवले.

२१ डिसेंबर १८९१ रोजी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला, दहा फूट उंचीवर, ठोकण्यात आल्या. तेरा नियम भिंतीवर लावले गेले. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले. त्या दिवशी चेंडू टोपलीत एकदाच पडला. परंतु तो अनावर वर्ग खेळात रंगून गेला!

पुढे नेस्मिथ वैद्यकाचे पदवीधर झाले आणि १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. तेथील संघ १८९९ च्या फेब्रुवारीत आपला पहिला सामना खेळला आणि ५ विरुद्ध १६ असा हरला. नेस्मिथ यांच्या नऊ हंगामांत संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. खेळाच्या जनकाच्याच वाट्याला जयापेक्षा पराजय अधिक आले! परंतु मुलांचे शरीर व शील घडावे, हेच त्यांना जिंकण्याहून मोलाचे वाटे. त्यांचाच विद्यार्थी फॉग ॲलन पुढे नामवंत प्रशिक्षक झाला.

या खेळावर हक्क सांगून नेस्मिथ यांनी धन जोडले नाही. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले, तेव्हा अमेरिकेतील प्रशिक्षकांनी पैसे जमवून त्यांना तेथे पाठवले. टोपल्यांचा तो खेळ देशोदेशीचे तरुण खेळत असलेले त्यांनी डोळे भरून पाहिले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. टोपलीची जागा आता लोखंडी कड्याने घेतली आहे. उंची मात्र तीच, दहा फूट!