दूरलेखनाचा जनक क्लोद शाप्प

संगणकांच्या जाळ्याविषयीं वाचतांना प्रोटोकॉल, पोचपावती, थर असे शब्द वारंवार आढळतात. विद्यार्थ्यांस ते अगदीं नवे वाटतात. परंतु त्यांमागील कल्पना तारायंत्राच्याहि पूर्वीं एका फ्रेंच गृहस्थानें टेकड्याटेकड्यांवर मूर्त करून दाखविल्या होत्या. त्याचें नांव क्लोद शाप्प.

क्लोदचा जन्म २५ डिसेंबर १७६३ रोजीं फ्रान्समधील ब्रुलों गांवीं झाला. त्याचें शिक्षण धर्मसेवेसाठीं झालें होतें, व चर्चकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर तो विज्ञानाचे प्रयोग करी. १७८९ च्या राज्यक्रांतींत तें उत्पन्न बुडालें. तेव्हां भावांच्या साहाय्यानें त्यानें दूरवर त्वरित संदेश धाडण्याची युक्ति शोधण्यास आरंभ केला. २ मार्च १७९१ रोजीं ब्रुलों व पार्से ह्या गांवांमध्यें त्याचा पहिला जाहीर प्रयोग यशस्वी झाला. पुढें पॅरिसजवळ त्यानें यंत्र उभारलें, तों बंदींत असलेल्या राजाशीं हा संधान बांधीत आहे अशा संशयानें जमावानें त्याचा नाश केला. तरीहि त्यानें धीर सोडला नाहीं. १७९४ सालीं पॅरिस ते लील ही सुमारें १४० मैलांची ठाण्यांची रांग सुरू झाली. यंत्रास तो शीघ्रलेखक म्हणणार होता. मियो नामक अधिकाऱ्यानें दूरलेखक, म्हणजे टेलिग्राफ, हें नांव सुचविलें व तेंच रूढ झालें.

प्रत्येक ठाण्याच्या माथ्यावर एक फिरती तुळई असे व तिच्या दोन्ही टोकांस एकेक हात. तुळईचीं दोन व प्रत्येक हाताचीं सात स्थानें मिळून ९८ चिन्हें होत. पैकीं ६ चिन्हें सेवेच्या सूचनांसाठीं राखून ठेवलेलीं होतीं. उरलेल्या ९२ चिन्हांनीं संदेश जाई. संकेतकोशाचीं पानें ९२ व प्रत्येक पानावर शब्दहि ९२. पहिलें चिन्ह पान दाखवी, दुसरें शब्द. म्हणजे दोनच चिन्हांत ८,४६४ शब्दांपैकीं कोणताहि शब्द सांगतां येई.

कोश मात्र मुख्य ठाण्यांवरील अधिकाऱ्यांपाशींच असे. मधल्या ठाण्यांवरील नोकरांस संदेशाचा अर्थ ठाऊक नसे. दुर्बिणींतून चिन्ह पाहावें, तसेंच आपण करावें, व पुढच्या ठाण्यानें तें बरोबर उचललें कीं नाहीं हें पाहावें, एवढेंच त्यांचें काम. हाच थरांचा मूळ विचार होय. वरचा थर अर्थ जाणतो. खालचा थर अर्थ न विचारतां चिन्हें पोचवितो. पुढच्या ठाण्यानें तेंच चिन्ह करणें ही पोचपावती, आणि सर्वांनीं पाळावयाचा हा ठरलेला नियम म्हणजेच प्रोटोकॉल.

इतकें यश मिळूनहि शाप्पच्या वांट्यास सुख आलें नाहीं. ही कल्पना मूळची त्याची नव्हेच, असा वाद प्रतिस्पर्ध्यांनीं उभा केला. आजारपण व खिन्नता ह्यांनीं तो ग्रासला गेला, आणि २३ जानेवारी १८०५ रोजीं, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षीं, पॅरिस येथें त्यानें स्वतःच आपल्या जीवनाचा अंत केला. त्याच्या भावांनीं तें कार्य पुढें चालविलें. ठाण्यांची संख्या ५०० च्या वर गेली, व विजेच्या तारायंत्रानें १८५० नंतरच्या दशकांत तीं मागें टाकलीं.

वाद घालणाऱ्यांचे शब्द आज विरून गेले आहेत. शाप्पनें घालून दिलेली पद्धति मात्र आपल्या प्रत्येक संदेशांत जिवंत आहे. हें पाहावयास तो राहिला नाहीं, ही हळहळ वाटते. बालमित्रहो, टीकेनें मन खचेल तेव्हां एकटे राहूं नका, आपलें दुःख जवळच्यांना सांगा. आणि कोणाच्या श्रमांविषयीं बोलावयाचें झाल्यास आपले शब्द जपून वापरा.