डाऊन हे एका डॉक्टरांचे नाव

केसपेपरवर डाऊन सिंड्रोम असे लिहिलेले दिसले की बरेच पालक दबक्या आवाजात विचारतात, डाऊन म्हणजे आमचे मूल बुद्धीने खाली आहे असाच अर्थ ना? त्यांना सांगावे लागते, की हे आडनाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज डॉक्टरांचे. वैद्यकीय पुस्तकांत त्यांच्याविषयी एखादी ओळ असते, ती त्यांनी ओळखलेल्या लक्षणांची. पण सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर मला त्यांचे वेगळेच काम जास्त मोलाचे वाटते. ज्यांची बुद्धी कमी म्हणून समाजाने आशा सोडली होती, अशा लहानमोठ्या माणसांना रुग्णालयात कसे सांभाळावे, हे त्यांनी करून दाखवले.

जॉन लँग्डन डाऊन यांचा जन्म १८२८ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या टॉरपॉइंट या गावी झाला. वडिलांचे किराणा आणि औषधांचे दुकान होते. चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि मुलगा दुकानात कामाला लागला. अठराव्या वर्षाच्या सुमारास एका सहलीत पावसाने गाठले, म्हणून मंडळी एका झोपडीवजा घरात थांबली. तिथे त्यांची सरबराई करणारी मुलगी मंदबुद्धीची होती. हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले.

त्यानंतर ते लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एका सर्जनच्या हाताखाली राहिले. बाटल्या धुवायच्या, औषधे तयार करायची, दात उपटायचे, रक्त काढायचे, अशी सगळी कामे केली. मग औषधशास्त्र शिकले. मध्ये तब्येत खालावली, घरी परतावे लागले. वडील वारल्यावर १८५३ साली, पंचविशीत, त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि पदके मिळवत ते पूर्ण केले. अशा हुशार डॉक्टरने शहरात मोठी प्रॅक्टिस करावी, अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. त्यांनी मात्र १८५८ साली सरे परगण्यातल्या अर्ल्सवूड येथील संस्थेचे वैद्यकीय अधीक्षकपद घेतले. संस्थेच्या नावातच इडियट हा शब्द होता. त्या काळी तो शिवी म्हणून नव्हे, निदान म्हणून लिहीत.

तिथे शेकडो रुग्ण होते, मुलेही आणि प्रौढही. डाऊन यांच्याकडे या रुग्णांसाठी कोणतेही खास औषध नव्हते. आजही नाही. त्यांनी रोजच्या गोष्टी बदलल्या. मारणे आणि शिक्षा करणे बंद केले. अंघोळ, स्वच्छता आणि मोकळी हवा यांची शिस्त लावली. रुग्णांनी टेबलाशी बसून काटे-सुरीने जेवावे, हे शिकवले. काटा-सुरी हातात देणे म्हणजे या माणसावर आपला विश्वास आहे असे सांगणेच होते. सुतारकाम, शिवणकाम, बागकाम, ज्याला जे जमेल ते काम दिले. जेम्स हेन्री पुलेन नावाचा रुग्ण जवळजवळ बोलत नसे, त्याला ऐकूही कमी येई. पण तो असा कारागीर निघाला, की त्याने केलेली जहाजाची प्रतिकृती पुढे लोक लांबून पाहायला येत. तो १९१६ साली गेला, तोपर्यंत अर्ल्सवूडमध्येच राहिला.

डाऊन यांची दुसरी सवय म्हणजे प्रत्येकाला तपासणे. त्यांनी रुग्णांची मापे घेतली, छायाचित्रे काढली, त्यांची तोंडे उघडून टाळू आणि दात पाहिले. त्यावर १८६२ साली निबंधही लिहिला. या बारीक पाहण्यातूनच काही रुग्णांची ठेवण एकमेकांशी विलक्षण जुळते, हे त्यांच्या लक्षात आले आणि १८६६ साली ते वर्णन प्रसिद्ध झाले.

इथे त्यांची चूकही सांगायला हवी. चेहऱ्यांच्या ठेवणीवरून त्यांनी रुग्णांची विभागणी मानववंशांच्या नावांनी केली आणि या गटाला मंगोल वंशाचे नाव दिले. सगळी माणसे एकाच कुळीची आहेत, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला होता. हेतू वाईट नव्हता. पण तो शब्द जवळजवळ शंभर वर्षे या मुलांना चिकटला आणि एका अख्ख्या देशाच्या लोकांचाही त्याने अपमान केला. १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की कारण वंशात नसून एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीत आहे. १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने जुना शब्द टाकला.

डाऊन यांचे अर्ल्सवूडच्या संचालक मंडळाशी अखेर बिनसले. रुग्णांनी केलेल्या वस्तू पॅरिसच्या प्रदर्शनात मांडण्यावरूनही वाद झाला. १८६८ साली ते बाहेर पडले आणि पत्नी मेरी यांच्यासह टेडिंग्टनजवळ नॉर्मन्सफील्ड हे स्वतःचे निवासी रुग्णालय काढले. तिथला कारभार मेरीबाईंच्या हाती होता. १८७९ साली तिथे रुग्णांसाठी चक्क नाट्यगृह बांधले गेले, ते आजही उभे आहे. ही सोय मुख्यतः पैसेवाल्या घरांनाच परवडे, हेही खरे. डाऊन १८९६ साली वारले. त्यांच्या दोन्ही डॉक्टर मुलांनी काम पुढे चालवले आणि त्यांतल्या एकाच्या घरी १९०५ साली जन्मलेल्या मुलाला डाऊन सिंड्रोम होता. आजोबांचे वर्णन घरातच जन्माला आले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. १९५१ साली नॉर्मन्सफील्ड सरकारी आरोग्यसेवेकडे गेले. पुढे तिथला कारभार इतका बिघडला, की १९७६ साली परिचारिका आणि परिचारकांनी संप केला. चौकशी झाली आणि १९७८च्या अहवालात रुग्णांची आबाळ उघड झाली. इमारत तीच होती, नावही तेच. जिथे काटा-सुरी हातात दिली जात होती, तिथेच माणसे दुर्लक्षित पडून राहिली. चांगली सेवा वारशाने मिळत नाही, ती रोज नव्याने करावी लागते.

हे मी इतरांकडे बोट दाखवून लिहीत नाही. मी निवासी डॉक्टर असताना डाऊन सिंड्रोम असलेला तिशीचा एक तरुण भरती झाला. जेवण बंद, सारखा स्वतःच्या गालावर मारून घेई. आम्ही केसपेपरवर वर्तनदोष लिहिले आणि झोपेचे औषध दिले. त्याची आई सांगत होती, हा असा नाही, भाकरी बघितली की हसतो. आम्ही ऐकले नाही. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरने टॉर्च घेऊन त्याचे तोंड उघडले, तर दाढेखाली पू साठला होता. दाढ काढल्यावर दोन दिवसांत तो जेवू लागला. डाऊन यांनी १८६२ सालीच रुग्णांची तोंडे उघडून पाहिली होती. आम्हाला ते सुचायला तीन दिवस लागले.

अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य सुमारे पंचवीस वर्षे होते. आज प्रगत देशांत ते साठीच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियांनी त्यात मोठा वाटा उचलला. म्हणजे हे रुग्ण आता बालविभागात नाही, तर मोठ्यांच्या वॉर्डात येणार. त्यांना थायरॉइडचा त्रास जास्त होतो, कानाने कमी ऐकू येते, स्मृतिभ्रंश लवकर गाठतो. वागणे अचानक बदलले तर ते बुद्धीमुळेच असे गृहीत धरू नये; आधी दात, कान, पोट, लघवी आणि थायरॉइड तपासावे.

नातेवाइकांनी भरतीच्या वेळी एका कागदावर लिहून द्यावे: तो कसा बोलतो, दुखले की काय करतो, काय खातो, कशाला घाबरतो. आणि आम्ही डॉक्टरांनी पलंगाशी गेल्यावर आधी त्याच्याशी बोलावे, मग आईशी. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही, फक्त दोन मिनिटे जास्त लागतात.