कै. ताराबाई मोडक

ज्या मुलास शाळेत येता येत नाही, त्याचे शिक्षण कसे व्हावे, हा प्रश्न आपल्या बीड जिल्ह्यास अपरिचित नाही. दसरा-दिवाळी उलटली की धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी या भागांतील शेकडो कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरच्या कारखान्यांकडे निघतात आणि पुष्कळ मुलांची पाटी-पुस्तके घरीच राहतात. अशा मुलांना दोष न देता शाळेनेच त्यांच्याकडे गेले पाहिजे, हा विचार ज्यांनी महाराष्ट्रात प्रत्यक्ष आचरून दाखविला, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घेण्याजोगे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे, मुलींच्या शिक्षणास सर्वत्र विरोध असण्याच्या त्या काळात, ताराबाईंना घरूनच विद्येचे प्रोत्साहन मिळाले. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस होत्या; परंतु संसारसुख त्यांच्या वाट्यास फार काळ आले नाही. लहान कन्येचा सांभाळ करीत त्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निश्चय केला व राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे मुख्यपद स्वीकारले.

त्या सुमारास भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर चालविले होते. तेथे छडी नव्हती, भय नव्हते. मूल आपल्या हातांनी वस्तू हाताळून शिकत असे. ते पाहून ताराबाईंनी राजकोटचे मानाचे पद सोडले आणि गिजुभाईंच्या कार्यास वाहून घेतले. १९२६ साली उभयतांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादर येथे शिशुविहार सुरू केला.

तथापि शहरातील सुखवस्तू मुलांच्या शाळेने त्यांचे समाधान झाले नाही. मादाम माँटेसरी यांची पद्धती उत्तम खरी, परंतु तिची साधने महाग. खेड्यातील गरिबाने ती कोठून आणावीत? १९४५ साली ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांच्या शाळेची साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी वस्तीतील अंगणातच वर्ग भरविला. अंगणवाडी हा आज गावोगावी रूढ झालेला शब्द त्याच अनुभवातून जन्मास आला.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तीत गेले. तेथील मुले गुरे राखीत. मुली धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन फिरत. शाळेत न येणारी मुले आळशी नव्हती. त्यांच्यावर घरचे काम होते. मग शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असता झाडाखाली कुरणशाळा भरे. दुसरीकडे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्यामुळे ताईस भावंड सोडून शिकता येऊ लागले. रानावनांतून फिरताना पाहिलेले झाड, किडा, ओढा हेच मुलांचे पाठ झाले.

या पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. विजेविषयी दहा वाक्ये घोकविण्याऐवजी मुलाच्या हाती विजेरीचा एक घट, दोन तारा व एक लहानसा दिवा दिला, तर ते तारा निरनिराळ्या रीतींनी जोडून पाहते. घटाच्या दोन्ही टोकांपासून दिव्यापर्यंत मार्ग पुरा झाला की दिवा लागतो. एक तार सुटताच विझतो. विजेला अखंड मार्ग लागतो, हे त्यास मग पाठ करावे लागत नाही. हाताने शिकलेले बुद्धीत ठसते, हेच ताराबाईंच्या शिक्षणाचे सार होय.

१९६२ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या कालवश झाल्या. पुढे दोनच वर्षांनी, १९७५ साली, सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांनी अंगणवाडी हेच नाव धारण केले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वर्गातील एखादा सोबती चार महिने उसाच्या फडावर जाऊन परत येतो, तेव्हा तो मागे पडला म्हणून त्यास हसू नका. त्यास आपल्या शेजारी बसवा, आपली वही दाखवा, झालेला प्रयोग त्याच्या हातून पुन्हा करवून घ्या. पालकांनीही मुलाच्या हातातील खडे, तारा व पाने केर समजून फेकून देऊ नयेत. ताराबाईंचे खरे स्मारक कोसबाडच्या टेकडीइतकेच आपल्या वर्गातही उभारता येण्यासारखे आहे.