सेविकांची सांभाळ करणारी: फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचें नांव आमच्या वाचकांनीं ऐकलें असेलच. हातांत दिवा घेऊन रात्रीं रोग्यांमधून फिरणारी बाई, अशी त्यांची जगांत ख्याति आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रोग्यांच्या उशाशीं गेला नाहीं. तो रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांवर देखरेख करण्यांत गेला. त्या कामाविषयीं आज आम्ही थोडेंसें लिहीत आहों.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका श्रीमंत इंग्रज घराण्यांत झाला. त्या काळीं रुग्णालयांतील शुश्रूषेचें काम हलकें समजलें जाई, म्हणून घरच्यांनीं पुष्कळ वर्षें विरोध केला. तरी देवानें आपणांस सेवेस बोलाविलें आहे, हा त्यांचा निश्चय ढळला नाहीं. १८५१ सालीं जर्मनींतील कायझरस्वर्थ येथें पाळक फ्लीडनर यांच्या सेविकागृहांत सुमारें तीन महिने राहून त्यांनीं शिक्षण घेतलें. १८५३ सालीं लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हातीं आली.

पुढल्याच वर्षीं क्रिमियाचें युद्ध चालू असतां सरकारनें त्यांस ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानांतील स्कुटारी येथें पाठविलें. तेथील कित्येक डॉक्टरांस बायकांचें येणें रुचलें नव्हतें. डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून कोणीं रोग्यास हात लावूं नये, अशी बाईंनीं सक्त ताकीद दिली. समोर माणसें विव्हळत असतां हातांवर हात ठेवून बसणें त्या स्त्रियांस किती जड गेलें असेल! पण थोड्याच दिवसांत जखमी शिपायांची रीघ लागली, आणि डॉक्टरांनींच मदत मागितली. ज्यांस दारूचें व्यसन होतें त्या स्त्रियांस बाईंनीं परत धाडलें. रात्रीं आठनंतर स्त्रियांनीं रोग्यांच्या दालनांत राहूं नये, असाहि नियम त्यांनीं केला.

इतकें करूनहि त्या हिवाळ्यांत स्कुटारींत चार हजारांहून अधिक शिपाई मेले. १८५५ च्या फेब्रुवारींत शेंकडा सुमारें ४२ रोगी दगावत होते. अन्नवस्त्राची टंचाई व रोगी उशिरां येणें, हेंच याचें मुख्य कारण असावें असें बाईंस वाटे. मार्च महिन्यांत आरोग्यतपासणीस नेमलेले अधिकारी आले. त्यांनीं इमारतीखालचीं तुंबलेलीं गटारें साफ केलीं, पाण्याच्या मार्गांतील घाण काढली, आणि हवा खेळती केली. जून महिन्यापर्यंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास आलें. युद्धानंतर विल्यम फार नांवाच्या आंकडेशास्त्रज्ञाबरोबर बसून बाईंनीं सर्व आंकडे तपासले. तेव्हां आपली पहिली समजूत अपुरी होती, हें त्यांस दिसून आलें. सगळें जग त्यांची स्तुति करीत होतें. त्यांस गप्प बसतां आलें असतें. परंतु त्यांनीं तें सत्य आपल्या १८५८ च्या अहवालांत मांडलें. आमच्या मतें दिवा घेऊन फिरण्यापेक्षां हें धैर्य मोठें होय.

लोकांनीं कृतज्ञतेनें जमविलेल्या निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. मुख्य सेविका वॉर्डरोपर बाई दर महिन्यास प्रत्येक शिकाऊ स्त्रीविषयीं नोंद करीत: ती वेळेवर येते कीं नाहीं, स्वच्छ राहते कीं नाहीं, विश्वासू आहे कीं नाहीं, जखम नीट बांधते कीं नाहीं. नाइटिंगेल बाई स्वतः आजारी असल्यामुळें बहुधा घरींच असत. १८७२ च्या सुमारास शाळेंतील शिक्षण ढिलें पडल्याचें त्यांस कळून आलें. तेव्हांपासून त्या शिकाऊ स्त्रियांस एकेकीस भेटीस बोलावूं लागल्या, त्यांचें म्हणणें ऐकूं लागल्या, आणि वेळोवेळीं सर्वांस उपदेशपर पत्रें लिहूं लागल्या. दूर कामावर गेलेल्या सेविकांसहि त्यांचीं पत्रें जात.

ह्या काळजीमागें एक दुःखहि होतें. अ‍ॅग्नेस जोन्स नांवाची त्यांच्या शाळेंत शिकलेली सेविका १८६५ सालीं लिव्हरपूलच्या गरीबगृहांतील रुग्णालयाची प्रमुख झाली. तेथें हजाराहून अधिक रोगी होते. तिनें बारा शिकलेल्या परिचारिकांसह तेथें शिस्त आणिली, पण स्वतः रात्रंदिवस राबली. १८६८ सालीं टायफस तापानें ती वारली; वय अवघें पस्तीस वर्षांचें होतें. जी सर्वांस सांभाळते तिला कोणीं सांभाळावें, हा प्रश्न तिच्या मरणानें आम्हांपुढें ठेविला आहे.

हल्लीं रुग्णालयांत व दुःखितांस सल्ला देण्याच्या कामांत, अनुभवी माणसानें सेवकाबरोबर ठराविक वेळीं बसून त्याच्या कामाचा विचार करावा, अशी रीत पडली आहे. ही चौकशी दोष काढण्यासाठीं नव्हे. रोग्याचें रक्षण व्हावें आणि सेवकहि मोडून पडूं नये, यासाठीं आहे.

बाई १३ ऑगस्ट १९१० रोजीं नव्वदाव्या वर्षीं वारल्या. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या मंदिरांत दफन करण्याची सूचना नाकारून, नातेवाइकांनीं त्यांस ईस्ट वेलो येथील खेड्यांतील मंदिराच्या आवारांत पुरलें.

प्रिय उपदेशक बंधूंनो व मंडळीच्या वडिलांनो, आपल्या हाताखालीं कोणी आजाऱ्यांची अथवा दुःखितांची सेवा करीत असेल, तर त्याचें काम तपासतांना तो स्वतः जेवला कीं नाहीं, झोंपला कीं नाहीं, हेंहि विचारावें. आणि आपली चूक आढळली, तर ती आपणच प्रथम बोलून दाखवावी.