मेरी बार्बर

मेरी बार्बर (जन्म : ३ एप्रिल १९११ – मृत्यू : ११ सप्टेंबर १९६५) या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ आणि जिवाणुशास्त्रज्ञ होत. रुग्णालयातील रुग्णांच्या शरीरात आढळणारे पेनिसिलिनरोधी जिवाणू ओळखणे, ते कोठून येतात व कसे पसरतात याचा माग काढणे आणि त्यांना आवर घालणे हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य क्षेत्र होते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू ही रुग्णालयाच्या चार भिंतींत वाढीस लागणारी समस्या आहे, हे नमुन्यांच्या आधारे दाखवून देणाऱ्या पहिल्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते.

शिक्षण आणि प्रारंभीचे काम

बार्बर यांचे वैद्यकीय शिक्षण लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या स्त्रियांसाठीच्या महाविद्यालयात झाले. प्रारंभी त्यांनी लिस्टेरिया या जिवाणूवर काम केले. त्याच्याशी साम्य असलेल्या दुसऱ्या एका जिवाणूशी तुलना करणारा त्यांचा अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्या लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात दाखल झाल्या. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाची संस्था याच रुग्णालयाशी जोडलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन सर्वसामान्य रुग्णांना मिळू लागले, त्या काळात बार्बर तेथेच काम करीत होत्या.

पेनिसिलिनरोधी पुंजगोलाणू

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पुंजगोलाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर असतो. जखमेत किंवा रक्तात शिरल्यास तो पू, गळवे आणि प्रसंगी प्राणघातक संसर्ग घडवून आणतो. पेनिसिलिनने या संसर्गावर प्रथमच खात्रीचा उपाय दिला होता. मात्र औषध सर्रास वापरात येण्यापूर्वीच त्याच्या अपयशाची बीजे दिसू लागली होती. ऑक्सफर्डमधील एडवर्ड अब्राहम आणि एर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच पेनिसिलिन निकामी करणारे एक विकर (एन्झाइम) जिवाणूंमध्ये असल्याचे नोंदविले होते. या विकरास पेनिसिलिनेज असे नाव मिळाले.

बार्बर यांनी हॅमरस्मिथमधील रुग्णांकडून मिळालेल्या पुंजगोलाणूंची सातत्याने तपासणी सुरू केली. १९४६ मध्ये पेनिसिलिनरोधी वाणांचे प्रमाण साधारण सातांत एक असे होते. १९४७ मध्ये ते एकतृतीयांशाच्या वर गेले आणि १९४८ मध्ये निम्म्याहून अधिक वाण पेनिसिलिनला दाद देईनासे झाले. अवघ्या दोन वर्षांत, एकाच रुग्णालयात हे घडले.

आकड्यांहूनही महत्त्वाचा होता तो त्यामागील कारणाचा शोध. औषधाच्या अपुऱ्या मात्रेत राहून जिवाणू हळूहळू त्याला सरावतात, अशी एक समजूत त्या वेळी प्रचलित होती. प्रयोगशाळेत पेनिसिलिनची मात्रा वाढवीत नेऊन असे सरावलेले वाण तयार करताही येत. परंतु हे वाण पेनिसिलिनेज तयार करीत नसत. रुग्णांकडून मिळालेले रोधी वाण मात्र ते विकर तयार करीत होते. यावरून निष्कर्ष स्पष्ट होता. रुग्णालयातील जिवाणू औषधाला सरावले नव्हते. विकर तयार करू शकणारे थोडे वाण आधीपासूनच अस्तित्वात होते. पेनिसिलिनने त्यांचे प्रतिस्पर्धी मारले आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे वाण वाढून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेले. म्हणजेच दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या : औषधाने केलेली निवड आणि रुग्णालयात होणारा प्रसार.

यांपैकी प्रसाराचा पुरावा देण्यासाठी जिवाणुभक्षी विषाणूंचा उपयोग झाला. विशिष्ट विषाणू पुंजगोलाणूच्या विशिष्ट वाणांनाच मारतात. त्यामुळे दोन रुग्णांमधील जिवाणू एकाच वाणाचे आहेत किंवा नाहीत हे ठरविता येते. या पद्धतीने पेनिसिलिनरोधी वाणांचे गट पाडणारा शोधनिबंध बार्बर यांनी एका सहकाऱ्यासह १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी प्रसूतिरुग्णालयातील रोधी पुंजगोलाणूंवरील अभ्यासही प्रसिद्ध झाला. नवजात अर्भकाच्या अंगावर जन्मतः पुंजगोलाणू नसतात. ते सभोवतालच्या माणसांकडून, म्हणजे बहुधा परिचारिकांचे हात आणि नाक यांच्याद्वारे, काही दिवसांतच येतात. त्यामुळे रुग्णालयातील प्रसार पाहण्यास प्रसूतिकक्षाइतकी उघड जागा दुसरी नव्हती.

१९४९ मधीलच आणखी एका निरीक्षणाचे महत्त्व त्या वेळी पूर्णपणे ध्यानात येणे शक्य नव्हते. रोधी वाणाच्या संवर्धनात अधूनमधून पेनिसिलिनने मरणाऱ्या वसाहती आढळत, असे बार्बर यांनी दाखविले. या वसाहती विकर तयार करण्याची क्षमता गमावून बसलेल्या असत. क्षमता हळूहळू क्षीण होत नसे, तर एकदम नाहीशी होई. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते. पेनिसिलिनेजचे जनुक अनेकदा गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या वेटोळ्यावर, म्हणजे प्लास्मिडवर असते आणि पेशीविभाजनाच्या वेळी ते वेटोळे हरवू शकते, हे १९६० च्या दशकात रिचर्ड नोविक यांच्या कामातून पुढे आले.

प्रतिजैविकांच्या वापरावर निर्बंध

१९४८ मध्ये बार्बर लंडनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात गेल्या आणि १९५८ मध्ये हॅमरस्मिथला परतल्या. या दहा वर्षांत टेट्रासायक्लिनसारखी नवी औषधे आली आणि त्यांनाही न जुमानणारे पुंजगोलाणू रुग्णालयांमध्ये पसरले. नवे औषध येईल व प्रश्न सुटेल, या भरवशावर राहणे त्यांना मान्य नव्हते. प्रतिरोध निवडीतून वाढत असेल, तर निवडीचा दाब काढून घेतल्यास तो घटलाही पाहिजे, हा त्यांच्या आधीच्या कामाचा तर्कशुद्ध परिणाम होता.

तो पडताळून पाहण्यासाठी हॅमरस्मिथमध्ये संपूर्ण रुग्णालयाचे औषधधोरण बदलण्यात आले. पेनिसिलिनच्या वापरास कडक मर्यादा घालण्यात आली, इतर प्रतिजैविके शक्यतो दोन-दोन एकत्र देण्यात येऊ लागली आणि संसर्गाचा प्रसार रोखण्याचे उपायही सोबत योजले गेले. हे सोपे नव्हते. समोरच्या रुग्णासाठी हाताशी असलेले औषध न देण्यास एखाद्या वैद्याला राजी करणे हे प्रयोगशाळेतील कामापेक्षा अवघडच म्हटले पाहिजे. १९६० मध्ये बार्बर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष जाहीर केले. रुग्णालयातील पुंजगोलाणूंमध्ये रोधी वाणांचे प्रमाण खाली आले होते. तिन्ही उपाय एकाच वेळी योजल्यामुळे कोणत्या उपायाचा वाटा किती, हे मात्र त्यातून वेगळे काढता येत नाही.

मेथिसिलिनरोधी वाण

१९६० मध्ये पेनिसिलिनेजला पुरून उरणारे मेथिसिलिन हे औषध ब्रिटनमध्ये वापरात आले. वर्षभराच्या आतच, जानेवारी १९६१ मध्ये, पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलिनलाही दाद न देणाऱ्या पुंजगोलाणूंची नोंद केली. बार्बर यांनी या वाणांचा अभ्यास त्याच वर्षी हाती घेतला.

हे वाण ओळखणे विलक्षण फसवे होते. नेहमीच्या चाचणीत एकाच वाणातील बहुतेक पेशी औषधाने मरत. फारच थोड्या पेशी तग धरीत. त्यामुळे रोधी वाण प्रयोगशाळेच्या अहवालात औषधाला बळी पडणारा म्हणून नोंदला जाण्याचा धोका होता आणि तसे झाल्यास रुग्णाला निरुपयोगी औषध मिळत राहिले असते. संवर्धन माध्यमात सुमारे ५ टक्के मीठ घातल्यास लपलेला प्रतिरोध उघड होतो, असे बार्बर यांनी १९६४ च्या शोधनिबंधात दाखविले. या गटातील औषधांची चाचणी घेताना माध्यमात मीठ घालण्याची रीत नंतर प्रयोगशाळांमध्ये रुळली.

ग्रंथ आणि मृत्यू

लॉरेन्स गॅरॉड यांच्यासह बार्बर यांनी लिहिलेला प्रतिजैविके व रासायनिक उपचार यांवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इतर लेखकांनी त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्याच वर्षी बार्बर यांची हॅमरस्मिथ येथे चिकित्सालयीन जिवाणुशास्त्राच्या प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. या पदावर त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. ११ सप्टेंबर १९६५ रोजी मोटार अपघातात वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

मेथिसिलिनरोधास कारणीभूत असलेले मेकए हे जनुक १९८० च्या दशकात वेगळे करण्यात आले. ते पेनिसिलिनेज तयार करीत नाही. पेनिसिलिन गटातील औषधे ज्याला सहजी चिकटत नाहीत असे पर्यायी प्रथिन ते पेशीला पुरविते आणि पेशीभित्तिकेची बांधणी चालू राहते. रुग्णाच्या नमुन्यातील हे जनुक पीसीआर पद्धतीने काही तासांत शोधता येते. जनुकतपासणीची सोय नसलेल्या प्रयोगशाळांत सेफॉक्सिटिन या औषधाची चकती वापरून त्याचा अंदाज घेतला जातो.